भट्टीचं अस्तर बदललं, मॉडेल मात्र अर्धंच बदललं

पार्श्वभूमी

पुण्याजवळच्या औद्योगिक पट्ट्यातलं एक मध्यम आकाराचं हीट ट्रीटमेंटचं युनिट. गिअर, शाफ्ट, पिना असा माल इथे येतो, तापवून तेलात क्वेंच होऊन (म्हणजे झटकन थंड होऊन) कडक होतो आणि मग त्याचा ठिसूळपणा काढायला टेम्परिंगच्या भट्टीत जातो. नाव-गाव काढून टाकलंय आणि आकडे थोडे गोलाकार केलेत, पण आकड्यांचं एकमेकांशी असलेलं नातं तसंच ठेवलंय, कारण सगळी गोष्ट त्या नात्याचीच आहे.

भट्टी विजेची. आत हवा फिरवणारा पंखा, वर धूर काढायचा डँपर (तेलकट माल तापला की धूर होणारच). थायरिस्टर या इलेक्ट्रॉनिक स्विचमधून हीटरला ० ते १०० टक्के पॉवर जाते आणि ती किती जायची हे पॅनेलवरचा पीआयडी कंट्रोलर ठरवतो: मोजलेलं तापमान हव्या तापमानापेक्षा किती वेगळं आहे ते पाहून तो पॉवर बदलत राहतो. मोजणं आणि बदलणं यांच्या या साखळीला लूप म्हणतात. काम ५६० अंशांवर चालतं. ग्राहकाची अट: होल्डिंगमध्ये, म्हणजे भट्टी ५६० वर धरून ठेवलेली असताना, तापमान ६ अंशांपेक्षा जास्त इकडेतिकडे व्हायला नको.

या युनिटची एक चांगली सवय म्हणजे भट्टीचं गणिती मॉडेल त्यांनी करून ठेवलं होतं. पाच-सहा वर्षांपूर्वी कुणीतरी पॉवर बदलून, तापमानाचा आलेख काढून तीन आकडे बसवले होते: गेन ९, म्हणजे पॉवर १ टक्का वाढवली तर भट्टी शेवटी ९ अंशांनी चढते, टाइम कॉन्स्टंट, म्हणजे एकूण बदलाचा ६३ टक्के भाग व्हायला लागणारा वेळ, २४०० सेकंद (४० मिनिटं), आणि डेड टाइम, म्हणजे पॉवर बदलल्यावर काहीच न हलता जाणारा वेळ, ६० सेकंद. कंट्रोलरचं प्रपोर्शनल गेन (एक अंशाच्या फरकाला किती टक्के पॉवर बदलायची) २ आणि इंटिग्रल वेळ (उरलेला फरक किती सावकाश भरून काढायचा) ६०० सेकंद या मॉडेलवरूनच काढलेली होती. भट्टी वर्षानुवर्षं गुमान चालली.

मग दिवाळीच्या सुट्टीत भट्टीचं विटांचं अस्तर काढून सिरॅमिक फायबरचं बसवलं. त्याच सुट्टीत, कुणाला विशेष न सांगता, तापमान मोजणारा थर्मोकपलही बदलला. आधीचा बारीक ६ मिमीचा प्रोब बास्केट लागून सारखा वाकायचा, म्हणून मेंटेनन्सने नवा जाड थर्मोवेलमध्ये (धातूच्या संरक्षक नळीत) बसवला. काम व्यवस्थित झालं होतं. फक्त ते कुठे लिहिलं गेलं नाही.

अडचण

नवीन अस्तराने शेठ खूश होते. रिकामी भट्टी ३० अंशांवरून ५६० वर जायला आधी ३६ मिनिटं लागायची, आता १९. प्रोसेसचं काम पाहणाऱ्या तरुण इंजिनिअरवर (पुढे तिला नुसतं इंजिनिअर म्हणतो) जबाबदारी आली की मॉडेल नवीन भट्टीप्रमाणे दुरुस्त करायचं आणि त्यावरून कंट्रोलरची सेटिंग काढायची.

तिने सोपा, शहाणपणाचा वाटणारा मार्ग घेतला. रात्रपाळी संपल्यावर रिकामी भट्टी बंद केली, दार लावूनच ठेवलं आणि तापमान उतरताना वेळ मोजली. ६३ टक्के उतार व्हायला ३२ मिनिटं लागली. म्हणजे टाइम कॉन्स्टंट २४०० वरून १९२० सेकंद. जुनी फाइल उघडली, तो आकडा बदलला, सेव्ह केलं.

यातला गेन कुठे गेला, हा प्रश्न त्या वेळी कुणालाच पडला नाही. थंड होण्याच्या आलेखातून टाइम कॉन्स्टंट कळतो, गेन कळत नाही. पॉवर शून्य असताना एक टक्क्याला किती अंश, हे विचारायचं तरी कुणाला?

फाइल ज्या रूपात होती ते महत्त्वाचं आहे. मॅटलॅब घ्या, सायलॅब घ्या किंवा पायथनची कंट्रोल लायब्ररी, एकच मॉडेल मुख्यतः तीन रूपांत ठेवता येतं. पहिलं, वर-खाली बहुपदी असलेलं ट्रान्सफर फंक्शन. दुसरं झिरो, पोल (वरची आणि खालची बहुपदी ज्या किमतींना शून्य होते त्या) आणि एक गुणक. तिसरं स्टेट-स्पेस, म्हणजे मॅट्रिक्स. ही फाइल दुसऱ्या रूपात होती. डेड टाइम बाजूला ठेवला तर पडद्यावर दिसत होतं: ०.००३७५ भागिले (एस अधिक ०.०००४१७). एस हे या बहुपदींमधलं चल. यातला ०.०००४१७ म्हणजे १ भागिले २४००, पोलची जागा ठरवणारा आकडा. इंजिनिअरने त्या जागी १ भागिले १९२०, म्हणजे ०.०००५२१ घातलं. वरच्या ०.००३७५ ला हात लावला नाही, कारण तिच्या मते गेन बदललेलाच नव्हता.

पण तो ०.००३७५ म्हणजे गेन नव्हेच. तो गेन भागिले टाइम कॉन्स्टंट आहे, ९ भागिले २४००. तो तसाच ठेवून पोल हलवला की खरा गेन आपोआप बदलतो: ०.००३७५ गुणिले १९२०, म्हणजे ७.२. सॉफ्टवेअर याबद्दल काही बोलत नाही, आणि त्याने बोलावं अशी अपेक्षाही चुकीची. त्याला सांगितलं तेवढंच त्याने केलं.

पॉवर १ टक्का वाढवल्यावरचा मॉडेलचा आलेख ७.२ वर जाऊन थांबलेला तिने पाहिला होता. तो पाहून तिने अर्थ लावला: भट्टीचा प्रतिसाद कमी झालाय, कंट्रोलरला थोडा जोर द्यावा लागेल. प्रपोर्शनल गेन २ वरून २.६ केलं. पडद्यावर गेन मार्जिन अडीच पटींहून जास्त दिसत होतं, म्हणजे अजून अडीचपट जोर दिला तरी हेलकावे वाढत जाऊन लूप सुटणार नाही. कागदावर निर्दोष.

भट्टी सेटपॉइंटला, म्हणजे ५६० ला, पोचली आणि झोपाळ्यासारखी हलायला लागली. मीटरवर ५६९, मग ५५१, पुन्हा ५६९. एक हेलकावा जवळजवळ ७ मिनिटांचा. कमी होतोय म्हणावं तर तासाभरातही संपेना. शॉपवर याला सरळ हंटिंग म्हणतात. त्या दिवशीचा माल बाजूला काढून ठेवावा लागला.

पहिला सुगावा

मला फोन आला तेव्हा तीन दिवस झाले होते. तोवर थायरिस्टर बदलून झाला होता, थर्मोकपलची वायर तपासून झाली होती आणि 'फायबरच्या भट्ट्या अशाच असतात' हे मतही कुणीतरी देऊन झालं होतं.

मी गेलो तेव्हा इंजिनिअर भट्टीवरच्या जुन्या ऑपरेटरना मॉडेल दाखवत होती. त्यांना सगळे मामा म्हणतात. पडद्यावर पॉवर वाढवल्यानंतरच्या पहिल्या दोन मिनिटांचा आलेख मोठा करून ठेवला होता. रेघ आधी जराशी खाली जात होती आणि मग वर.

मामा म्हणाले, "मॅडम, हीटर लावल्यावर भट्टी गार कुठं होते?"

तिने माझ्याकडे पाहिलं. प्रश्न अगदी रास्त होता. उत्तर असं की फाइलमधला ६० सेकंदांचा डेड टाइम तिने पाडे अंदाजाने बदललेला होता. डेड टाइम बहुपदीच्या भाषेत नेमका मांडता येत नाही, म्हणून त्याच्या जागी एक अपूर्णांक ठेवतात; आंरी पाडे या फ्रेंच गणितज्ञाच्या (१८६३–१९५३) नावाने तो ओळखला जातो. पहिल्या ऑर्डरचा अपूर्णांक वापरला की झिरो-पोलच्या नकाशाच्या उजव्या अर्ध्या भागात एक झिरो येतो आणि आलेख सुरुवातीला उलटा जातो. खरी भट्टी त्या मिनिटात काहीच करत नाही, ती नुसती थांबलेली असते.

मामांनी पकडलेली गोष्ट खरी होती, पण आपला चोर तो नव्हता. ७ मिनिटांच्या हेलकाव्याच्या वेगाला पहिल्या ऑर्डरच्या पाडेने होणारी फेजची चूक (लहर किती मागे पडते त्यातली; पूर्ण हेलकावा म्हणजे ३६० अंश, तापमानाचे नव्हेत) जेमतेम ३ अंशांची आहे. दिसायला वाईट, निर्णयाला निरुपद्रवी. हे मुद्दाम लिहितोय, कारण त्या दिवशी आमचा दीड तास पाडेची ऑर्डर वाढवण्यात गेला. डोळ्यांना खटकतं ते आधी दुरुस्त करायचा मोह होतो.

चोर सापडला मामांच्या लॉगबुकात. लांबट, तेलाचे डाग पडलेली वही. दर तासाला तापमान आणि त्यापुढे पॅनेलवरची पॉवर. दिवाळीआधीच्या पानांवर होल्डिंगची पॉवर ५८, ५९, ६०. दिवाळीनंतर हेलकाव्यांची सरासरी काढली तर ४४.

मी इंजिनिअरला विचारलं, "तुझ्या मॉडेलप्रमाणे ५६० ला किती पॉवर लागायला हवी?"

तिने कागदावरच केलं. बाहेरचं तापमान ३० धरलं, चढायचे अंश ५३०. जुना गेन ९: ५३० भागिले ९, म्हणजे ५९ टक्के. वहीत ५९. बरोबर. नवीन मॉडेलचा गेन ७.२: ५३० भागिले ७.२, म्हणजे ७४ टक्के. वहीत ४४.

ती बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे बघत राहिली. मग उलट गणित केलं, ५३० भागिले ४४. बारा.

कुठे काय बदललं

भट्टीला गळका रांजण समजा. रांजण किती मोठा, ही भट्टीची उष्णता धरून ठेवायची क्षमता. भोक किती बारीक, हा उष्णता बाहेर जायला होणारा अडथळा. शेवटी पाणी कुठल्या पातळीला थांबेल ते भोकावर ठरतं, रांजणाच्या आकारावर नाही. म्हणून गेन अडथळ्याच्या प्रमाणात. टाइम कॉन्स्टंट म्हणजे अडथळा गुणिले क्षमता. आणि सुरुवातीचा चढ, म्हणजे तो पडद्यावरचा गुणक, फक्त क्षमतेवर अवलंबून.

विटा गेल्या आणि फायबर आलं तेव्हा दोन्ही गोष्टी एकदम बदलल्या. फायबर हलकं, त्यामुळे क्षमता ४० टक्क्यांनी घटली. फायबर उष्णता जास्त अडवतं, त्यामुळे अडथळा एक तृतीयांशाने वाढला. टाइम कॉन्स्टंटमध्ये हे दोन बदल एकमेकांविरुद्ध लढतात: ०.६ गुणिले १.३३, म्हणजे ०.८. म्हणूनच २४०० चे १९२० झाले. वीस टक्क्यांचा सौम्य बदल वाटतो, पण पोटात दोन मोठे बदल लपवलेले. गेन ९ वरून १२ वर गेला आणि सुरुवातीचा चढ ०.००३७५ वरून ०.००६२५ वर, म्हणजे पावणेदोनपटीच्या जवळ.

आता तीच एक दुरुस्ती, 'टाइम कॉन्स्टंट २४०० च्या जागी १९२०', वेगवेगळ्या रूपांत केली तर काय होतं बघा. ट्रान्सफर फंक्शन ९ भागिले (२४०० एस अधिक १) असं लिहिलेलं असेल तर गेन ९ राहतो. झिरो-पोल रूपात असेल तर गेन ७.२ होतो. स्टेट-स्पेसमध्ये फक्त पहिल्या मॅट्रिक्समधला आकडा बदललात तरी ७.२ च. खरा गेन १२. एकाच फाइलवर एकच बदल, आणि कोणत्या खिडकीत केला यावरून उत्तरं दोन, तीही दोन्ही चुकीची. प्रत्येक रूप न सांगता काहीतरी स्थिर धरून ठेवतं. काय स्थिर धरलं जातंय, हे आकडा बदलणाऱ्याला ठाऊक हवं. इंजिनिअरला झिरो-पोलचं रूप परीक्षेपुरतं चांगलं येत होतं. वरचा गुणक म्हणजे शेवटचा गेन नव्हे, हेही येत होतं. पण फाइलमधला एक आकडा खोडून दुसरा घालताना हे आठवायचं कारण तिच्यासमोर नव्हतं.

दुसरा सुगावा

इथे थांबलो असतो तर अर्धंच उत्तर मिळालं असतं. गेन १२ धरून लूप पुन्हा मांडला तर २.६ च्या सेटिंगवर हेलकावे यायला हवेत, पण ते ५ मिनिटांच्या आसपासचे आणि लवकर विरणारे. प्रत्यक्षात ७ मिनिटांचे आणि न विरणारे होते. कुठेतरी आणखी उशीर होता.

भट्टीतलं तापमान ठिकठिकाणी सारखं आहे का हे तपासायला त्यांच्याकडे बारीक टेस्ट थर्मोकपल होते. त्यातला एक कंट्रोल थर्मोकपलच्या शेजारी सोडला. दोन्हींचे आलेख एकावर एक ठेवल्यावर कुणी बोलायची गरज उरली नाही. मीटर ±९ दाखवत होता तेव्हा आतली हवा ±११ हलत होती, आणि मीटरचा आलेख तिच्यामागे ४० सेकंद. जाड थर्मोवेल तापायला वेळ घेत होता. ७ मिनिटांच्या हेलकाव्यात सव्वापट घट आणि ४० सेकंदांचा उशीर, यावरून थर्मोवेलचा टाइम कॉन्स्टंट ४५ सेकंदांच्या आसपास निघतो.

मेंटेनन्सच्या साहेबांना बोलावलं तेव्हा ते म्हणाले, "हो, बदलला की. त्याचा काय संबंध?"

संबंध एवढाच: जुन्या भट्टीचा लूप प्रपोर्शनल गेन साधारण ७ पर्यंत सहन करायचा. नवीन अस्तर आणि थर्मोवेल मिळून ती हद्द ३ च्या खाली आली होती. २.६ लावल्यावर भट्टी कड्याच्या टोकावर उभी होती.

पर्याय

चार रस्ते समोर होते.

कंट्रोलरचं ऑटोट्यून चालवायचं, हा शेठचा पर्याय. मी प्रामाणिकपणे सांगितलं की या एका भट्टीपुरतं ते पुरेल. रिलेने, म्हणजे पॉवर आलटून-पालटून कमी-जास्त करून, लूपला मुद्दाम हेलकावे द्यायचे आणि त्यांची उंची व काळ मोजून सेटिंग काढायची ही पद्धत ऑस्ट्रॉम आणि हेग्लुंड यांनी १९८४ साली मांडली. तिचं मूळ झिग्लर-निकोल्सच्या १९४२ च्या कामात आहे. आज बऱ्याच पॅनेलवर ती एका बटणात असते. पण अजून दोन भट्ट्यांचं अस्तर बदलायचं होतं, आणि प्रत्येक वेळी माल अडवून शोधाशोध करायची तयारी नव्हती. शिवाय ऑटोट्यूनला 'काय बदललं' हे सांगता येत नाही. थर्मोवेलची गोष्ट त्याने पोटात घातली असती आणि आम्हाला कधीच कळली नसती.

दुसरा रस्ता: तीन दिवसांच्या नोंदींवरून सॉफ्टवेअरलाच मॉडेल बसवायला सांगायचं. हा मी लगेच खोडला. त्या नोंदी हंटिंग करणाऱ्या बंद लूपच्या होत्या. त्यात पॉवर तापमानाच्या मागे धावते आणि तापमान पॉवरच्या मागे. असा डेटा वापरता येत नाही असं नाही, पण काळजी न घेता वापरला तर भट्टीऐवजी कंट्रोलरचंच उलटं मॉडेल हाती येतं.

तिसरा: भट्टी रिकामी ठेवून, कंट्रोलर मॅन्युअलवर टाकून पॉवरची पायरी द्यायची (पॉवर एकदम बदलून तिथेच ठेवायची) आणि मॉडेल नव्याने काढायचं. सगळ्यात विश्वासाचा रस्ता, पण अर्ध्या दिवसाचं उत्पादन जाणार.

चौथा: जुनं मॉडेलच दुरुस्त करायचं, पण पडद्यावरचे आकडे न हलवता अडथळा आणि क्षमता हलवायची.

आम्ही चौथा घेतला आणि तिसऱ्याने तो तपासायचं ठरवलं. तपासणी गुरुवारच्या साप्ताहिक सुट्टीला ठेवली, म्हणजे उत्पादन बुडालं नाही.

काय केलं

आधी लगेचची आग विझवली: प्रपोर्शनल गेन १ वर आणलं. भट्टी तासाभरात शांत झाली. हे पहिल्याच दिवशी कुणीही करू शकलं असतं, पण 'सॉफ्टवेअरने २.६ दिलंय' म्हटल्यावर त्याला हात लावायची कुणाची छाती झाली नव्हती.

मग फाइल. आकडे थेट लिहिलेलं मॉडेल काढून टाकलं आणि त्या जागी छोटी स्क्रिप्ट आली. सुरुवातीला अडथळा, क्षमता, डेड टाइम आणि थर्मोवेल असे चार आकडे, प्रत्येकापुढे तो कुठून आला याची ओळ: 'लॉगबुक, होल्डिंग पॉवर', 'टेस्ट थर्मोकपल, शेजारी'. गेन आणि टाइम कॉन्स्टंट त्यांच्यावरून स्क्रिप्टनेच काढायचे, हाताने भरायचे नाहीत. डेड टाइम डेड टाइम म्हणूनच ठेवला. रूट लोकस (जोर वाढवला की लूपचे पोल कसे सरकतात याचा आलेख) काढताना लागेल तेवढाच पाडे, फाइलमध्ये नाही.

थर्मोवेल कुठे ठेवायचा यावर आमच्यात थोडा वाद झाला. इंजिनिअरचं म्हणणं, तो भट्टीच्याच ब्लॉकमध्ये गुणून टाकू, लूपचं गणित तेच राहतं. गणित खरंच तेच राहतं. पण डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये सेन्सरला वेगळा ब्लॉक असतो तो उगाच नाही. भट्टीत मिसळला तर आलेखात फक्त मीटरचं तापमान दिसतं; सेन्सरच्या ब्लॉकमध्ये ठेवला तर आतल्या हवेचंही दिसतं. ग्राहकाचा माल हवेत आहे, मीटरमध्ये नाही. ±९ आणि ±११ चा फरक तिने स्वतःच पाहिलेला होता, त्यामुळे वाद लांबला नाही.

यानंतर एक दुपार फुकट गेली. स्क्रिप्ट चालवली, नवीन मॉडेल तयार झालं, पण डिझाइनच्या खिडकीतले आलेख जागचे हलेनात. ती खिडकी मॉडेल आत घेताना त्याची प्रत काढून घेते. बाहेर मूळ बदललं तरी आतली प्रत जुनीच. पुन्हा आत घेतल्यावर सगळं जागेवर आलं. त्यानंतर तिने मॉडेलच्या नावातच तारीख घालायला सुरुवात केली.

कंट्रोलरची सेटिंग स्कोगेस्टाड यांच्या २००३ च्या नियमांनी काढली. त्यात थर्मोवेलच्या ४५ सेकंदांतले निम्मे डेड टाइममध्ये आणि निम्मे मुख्य टाइम कॉन्स्टंटमध्ये धरायचे: डेड टाइम ८२.५, टाइम कॉन्स्टंट १९४२. लूप किती चपळ हवा याचा आकडा १२० सेकंद घेतला. प्रपोर्शनल गेन ०.८, इंटिग्रल वेळ ८१० सेकंद. डेरिव्हेटिव्ह, म्हणजे तापमान बदलण्याच्या वेगाला दिलेला प्रतिसाद, लावून थर्मोवेलचा उशीर भरून काढता आला असता, पण पंख्यामुळे सिग्नल थरथरतो आणि डेरिव्हेटिव्ह ती थरथर मोठी करतो. त्या वाटेला गेलो नाही.

भरलेल्या भट्टीसाठी क्षमता दीडपट करूनही तपासलं. स्क्रिप्टमध्ये एक आकडा बदलायचा, बाकीचं ते स्वतः बदलतं. रिकाम्या भट्टीत गेन मार्जिन साडेतीन पटींच्या वर, भरलेल्या भट्टीत त्याहून जास्त.

परिणाम

गुरुवारी पॉवर ४४ वरून ४७ टक्के केली. मॉडेल म्हणत होतं ३६ अंश चढेल. भट्टी ३४ चढली. ६३ टक्के चढाला मॉडेलप्रमाणे ३४ मिनिटं, प्रत्यक्ष ३५. दोन अंश कमी का, याचा मी पिच्छा पुरवला नाही. तापमान वाढलं की बाहेर जाणारी उष्णताही थोडी जास्त वेगाने वाढतं. एवढ्या फरकावर निर्णय बदलत नाही.

नवीन सेटिंगवर होल्डिंगमध्ये मीटर ±२ च्या आत राहिला, टेस्ट थर्मोकपलवरही. दार उघडून माल घातल्यावर सावरायला आधीपेक्षा थोडा वेळ जास्त लागतो. मामांची त्याबद्दल तक्रार आहे, आणि ती चुकीची नाही; सव्वाशे किलोची बास्केट आत गेल्यावर त्यांना मीटरकडे बघत उभं राहावं लागतं. बाजूला काढलेल्या मालाची कडकपणा तपासणी झाली, बहुतेक माल बसला, थोडा पुन्हा टेम्पर करावा लागला.

वेगळं काय करता आलं असतं

मोजण्याची पद्धत निवडताना ती काय सांगू शकत नाही हे आधी विचारायला हवं होतं. थंड होण्याच्या आलेखाऐवजी पॉवरची छोटी पायरी दिली असती तर गेन त्याच आलेखात दिसला असता. वेळही फार जास्त लागला नसता.

दुसरं, बदललेल्या मॉडेलला भट्टीवर नेण्याआधी एक सोपा प्रश्न विचारायचा: ५६० ला किती पॉवर? उत्तर पॅनेलवर लुकलुकत असतं. ही तपासणी पाच मिनिटांची आहे आणि या प्रकरणातली सगळ्यात महागडी पाच मिनिटं हीच होती. इंजिनिअरने कॉलेजात आयआयटी मुंबईच्या सिंगल बोर्ड हीटर सिस्टिमवर प्रयोग केलेला. एक कॉइल, एक पंखा, एक छोटी पट्टी, आणि सायलॅबमधून तापमान चालवायचं. पंख्याचा वेग वाढवला की तिथे गेन आणि टाइम कॉन्स्टंट दोन्ही घटतात, कारण अडथळा घटतो. मी आठवण करून दिल्यावर ती म्हणाली, "सर, तिथे दोन्ही आलेख समोर होते. इथे मी एकच काढला."

तिसरं मेंटेनन्सचं. थर्मोकपल बदलणं ही त्यांच्या दृष्टीने सुटा भाग बदलण्याची गोष्ट होती, लूपच्या दृष्टीने भट्टीचाच एक तुकडा बदलला गेला. आता वर्क ऑर्डरच्या फॉर्मवर 'सेन्सर, हीटर, पंखा, डँपर यांपैकी काही हललं का' असा एक रकाना आलाय. तो भरला जातो की नाही ते वर्षभराने विचारायला हवं.

आणि माझं स्वतःचं: पाडेवर घालवलेला दीड तास. मामांनी प्रश्न विचारला तेव्हा मी पडद्याकडे वळलो. त्यांची वही त्याच टेबलावर पडलेली होती.

दुसरी भट्टी

गेल्या महिन्यात दुसऱ्या भट्टीचं अस्तर बदललं. काम सुरू व्हायच्या आधीच इंजिनिअरने स्क्रिप्टमध्ये अडथळा आणि क्षमता बदलून सेटिंग काढून ठेवली, आणि पॅनेलच्या दारावर खडूने लिहिलं: ५६० ला ४६ टक्के. भट्टी पहिल्याच दिवशी स्थिर चालली, हेलकावा नाही. पण पॅनेलवर ५१ दिसतंय. दाराची सीलची दोरी नीट बसलेली नाही असं तिचं म्हणणं आहे, मामा म्हणतात डँपर. येत्या गुरुवारी दोन्ही उघडून बघणार आहेत. खडूचा आकडा अजून पुसलेला नाही.